पहिला भात शेवटी

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया आता केवळ तरुण वा मध्यमवयीन माणसांपुरती राहिलेली नाही. गुडघेदुखी आणि मधुमेह या दोहोंनी जेरीस आलेले, साठी ओलांडलेले स्त्री-पुरुषही ती करून घेतात. या शस्त्रक्रियेसंबंधी २०२२ साली जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली, त्यांत वयाची वरची मर्यादा ठेवलेली नाही. प्रकृतीचा एकंदर कस पाहून निर्णय घ्यावा, एवढेच म्हटले आहे. आशियाई वंशाच्या लोकांत बीएमआय २७.५ च्या पुढे गेला की या उपायाचा विचार व्हावा, असेही त्यांत नमूद आहे. रुग्णालयातील मुक्काम दोन-तीन दिवसांचा असतो. पुढची सगळी वर्षे मात्र घरच्या स्वयंपाकघराच्या भरवशावर काढायची असतात. हा लेख त्या स्वयंपाकघरासाठी आहे. ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी तो वाचावाच. परंतु त्यांच्या पानात वाढणाऱ्या सुना, मुली, मुलगे आणि जोडीदार यांनी तो अधिक लक्षपूर्वक वाचावा, अशी माझी विनंती आहे.

आपल्याकडे आजारी माणसाचे एक ठरलेले पथ्य असते. मऊ भाताची पेज, साबुदाण्याची खीर, तूप सोडलेला रव्याचा शिरा, चहात बुडवलेली बिस्किटे आणि अंगात त्राण राहावे म्हणून ग्लुकोजचे पाणी. तापातून उठलेल्या माणसाला हे पथ्य मानवते, कारण ते पोटात रेंगाळत नाही. लहान केलेल्या जठराला मात्र हाच गुण बाधतो. मायेने पुढे केलेली खिरीची वाटी संपवून माणूस घामाघूम होतो, आडवा पडतो. घरचे म्हणतात, अशक्तपणा आला, आणि आणखी अर्धी वाटी आणतात. हे चित्र मी माझ्या दवाखान्यात अनेकदा पाहिले आहे. त्यात दोष कोणाच्या मायेचा नसतो. आत काय बदलले आहे हे कोणी नीट समजावून सांगितलेले नसते, एवढेच.

आत काय बदलते

निरोगी जठरात लिटर-दीड लिटर अन्न सहज मावते. जठराच्या शेवटी स्नायूंचे एक कडे असते. घुसळून पातळ झालेले अन्न ते थोडे थोडे करून लहान आतड्यात सोडते. आपण पुरणपोळी खाल्ली तरी तिच्यातील साखर रक्तात हळूहळू उतरते, ती बऱ्याच अंशी या पहारेकऱ्यामुळे.

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या शस्त्रक्रियेत जठराचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. कडे जागेवर राहते, पण नळीतील दाब वाढल्यामुळे अन्न पूर्वीपेक्षा लवकर पुढे सरकते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटर मावेल एवढीच पिशवी ठेवतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. येथे अन्नाच्या वाटेवर पहारेकरी उरतच नाही.

अशा वेळी गोड किंवा पातळ पिष्टमय पदार्थ पोटात गेला की तो एकदम आतड्यात ओतला जातो. त्या दाट साखरेला पातळ करण्यासाठी शरीर रक्तातील पाणी आतड्यात ओढून घेते. दहा ते तीस मिनिटांत छातीत धडधड, घाम, चक्कर, पोटात मुरडा, कधी जुलाब. यालाच डम्पिंग सिंड्रोम म्हणतात. आजच्या ज्येष्ठ वाचकांपैकी काहींना आठवत असेल की, पूर्वी अल्सरसाठी जठराचा भाग काढून टाकीत. त्या रुग्णांनाही नेमका हाच त्रास होई. गंमत अशी की, अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील शल्यचिकित्सक एडवर्ड मेसन यांनी अल्सरच्या अशा शस्त्रक्रियेनंतर रुग्णांचे वजन वाढत नाही हे हेरले, आणि त्या निरीक्षणातूनच १९६६ साली गॅस्ट्रिक बायपासचा आरंभ झाला. म्हणजे हा त्रास या शस्त्रक्रियेहून जुना आहे.

तरुण माणूस अशा वेळी अर्धा तास पडून राहतो आणि उठून कामाला लागतो. सत्तरीच्या माणसाची गोष्ट वेगळी. चक्कर आणि शौचाची घाई एकाच वेळी आली की तो भिंतीला धरत न्हाणीघराकडे निघतो, आणि खुब्याचे हाड मोडायला तेवढे पुरते. म्हणून त्रास सुरू होताच माणसाला आधी आडवे करावे, उठायचे झाल्यास हाताला धरून न्यावे. आणि त्या अर्ध्या तासात साखरेचे पाणी देऊ नये. आग विझवायला तेल ओतण्यातला तो प्रकार आहे.

दुसरा प्रकार अधिक फसवा. तो जेवणानंतर एक ते तीन तासांनी येतो आणि बहुधा शस्त्रक्रियेला वर्ष उलटून गेल्यावर, सगळे सुरळीत चालले आहे असे वाटत असताना. आतड्यात एकदम साखर आली की स्वादुपिंड गरजेपेक्षा अधिक इन्सुलिन सोडते. साखर झटकन चढते आणि तितक्याच झटकन सामान्य पातळीच्या खाली येते. हात थरथरतात, भूक भडकते, बोलणे अडखळते, कधी शुद्ध हरपते. बायपास होऊन दीड वर्ष झालेल्या, ६७ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिका आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि गोड चहा घेऊन पोथी वाचायला बसल्या. दोन तासांनी त्या देवघरातच कोसळल्या. मुलाला वाटले, उपास झेपला नाही. शेजारच्या घरी ग्लुकोमीटर होता म्हणून कळले की साखर ४८ आहे. उपास न झेपण्याचा येथे संबंध नव्हता. उपासाला जे खाल्ले ते झेपले नव्हते.

तेव्हा ज्या घरात अशी शस्त्रक्रिया झाली आहे त्या घरात ग्लुकोमीटर हवा, मग मधुमेह बरा झाला असला तरीही. लक्षणे दिसताच साखर मोजावी. ती ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन लहान चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. साखर वर आली की लगेच पनीरचे दोन तुकडे किंवा उकडलेले अंडे द्यावे, नाहीतर तोच झोपाळा पुन्हा सुरू होतो. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. आणि असे दोनदा झाले तर घरच्या घरी निभावून न नेता तज्ज्ञाला दाखवावे. यावर औषधेही आहेत. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर शस्त्रक्रियेनंतर त्याची मात्रा बहुधा कमी करावी लागते. ती डॉक्टरांनी करायची. जुन्या चिठ्ठीवर औषधे आणत राहणे हे या रुग्णांच्या बाबतीत धोक्याचे आहे.

मग भात-पोळी बंद करायची का?

हे सारे वाचून काही घरांत दुसरे टोक गाठले जाते. भात बंद, पोळी बंद, फळसुद्धा बंद. मला ते मान्य नाही. आपल्या मेंदूला दिवसाकाठी शंभर ग्रॅमहून अधिक ग्लुकोज लागते. ते अन्नातून पुरेसे मिळाले नाही तर शरीर चरबीबरोबरच स्नायूंतील प्रथिनेही मोडून ते तयार करते. वयपरत्वे स्नायू आधीच झिजत असतात. त्यात वजन झपाट्याने उतरत असते. खुर्चीतून हात न टेकता उठता येणे ही क्षमता एकदा गेली की उतारवयात ती परत मिळवणे फार कष्टाचे असते. शिवाय चोथा पोटात न गेल्याने मलावरोध होतो, तो निराळाच.

पहिल्या काही महिन्यांत दिवसभराची कर्बोदके बहुधा ५० ग्रॅमच्या आसपास राहतात, कारण पोटात जागाच नसते. पुढे वर्षभरात ती हळूहळू १०० ते १३० ग्रॅमपर्यंत नेता येतात. नेमका आकडा तुमच्या आहारतज्ज्ञांनी ठरवावा. परंतु आकड्याहून महत्त्वाचा आहे तो क्रम.

आपल्या पंगतीची रीत आठवा. पान वाढले की पहिला भात येतो. त्यावर वरण, तुपाची धार, लिंबाची फोड. भूक लागलेली असते, घास मऊ असतो, आणि चार घासांत ३० ते १०० मिलिलिटरचे ते पोट भरून जाते. मग उसळ, अंडे, मासा, दही हे सारे पानातच राहते. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ ग्रॅम, घट्ट वरणाच्या वाटीत ६ ते ७ ग्रॅम आणि १०० ग्रॅम सुरमई-पापलेटमध्ये २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. हिशेब केलात तर ध्यानात येईल की एका जेवणातही भाताला आधी जागा देणे परवडणारे नाही. म्हणून या पानात क्रम उलटा करावा. आधी अंडे, पनीर, मासा, उसळ किंवा घट्ट वरण, मग भाजी, आणि जागा उरली तरच दोन घास भात किंवा पाव फुलका. पहिला भात शेवटी. प्रथिनांपाठोपाठ गेलेला भात रक्तात साखरही सावकाश चढवतो, हा दुसरा लाभ.

जेवताना पाणी नको, आणि जेवणानंतर अर्धा तासही नको. पाण्याबरोबर घास धुऊन पुढे जातो. पोट भरल्याची जाणीव टिकत नाही आणि डम्पिंगची शक्यता वाढते. दिवसभराचे दीड लिटर पाणी मधल्या वेळेत घोट घोट करून प्यावे. ताकाचा पेला जेवणाबरोबर घ्यायची सवय असणाऱ्यांना हे फार जड जाते. ताक अकरा वाजता घ्या. ते चांगलेच आहे.

सुरुवातीचे दोन आठवडे पातळ आहार, पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेला घोटीव आहार, मग मऊ आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे अन्न, असा साधारण क्रम असतो. पेजेचा मोह नेमका पहिल्या दोन आठवड्यांत होतो. वरणावरचे निवळ पाणी 'डाळीचे सत्त्व' म्हणून पाजले जाते, त्यात प्रथिने नगण्य असतात. सत्त्व खाली बसलेल्या डाळीत राहते. त्या काळात साय काढलेले दूध, ताक आणि सांगितलेली प्रथिनांची पावडर हाच खरा आधार.

घन आहार सुरू झाल्यावर एक अनुभव अनेकांना येतो. ताजा पाव, चिकट भात, जाड पोळी यांचा घास अडकल्यासारखा होतो, छातीत दाटते आणि तो उलटून पडतो. पिठाचा गोळा अरुंद वाटेत फुगतो म्हणून असे होते. पातळ, कडक भाजलेला फुलका किंवा ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा सावकाश चावून खाल्ला तर बहुधा सोसतो. सावकाश म्हणजे अर्ध्या वाटीला वीस-पंचवीस मिनिटे. येथे कवळीचा प्रश्न येतो. वजन उतरल्यावर कवळी सैल झाल्याची तक्रार मी बरेचदा ऐकतो. चावता येत नाही म्हणून माणूस पुन्हा पातळ आणि गोडाकडे वळतो, आणि घरच्यांना वाटते की आवडनिवड वाढली. दंतवैद्याकडे एक फेरी मारावी.

चार महिने उलटलेल्या माणसाचा एक दिवस कसा असावा, हे अनेक जण विचारतात. सकाळी मुगाच्या डाळीचे एक धिरडे, आत किसलेले पनीर. अकराला ताक. दुपारी अर्धी वाटी मटकीची उसळ, दोन चमचे घट्ट दही, थोडी भाजी आणि शेवटी अर्धा फुलका. चारला बिनसाखरेचे दूध. रात्री अंडे किंवा मासा, शाकाहारी असल्यास पनीर वा सोयाबीनच्या वड्या, सोबत शिजवलेली भाजी आणि अर्धी वाटी घट्ट वरण. कर्बोदके पन्नास-साठ ग्रॅमच्या घरात जातात. प्रथिने अजून थोडी कमी पडतात, ती पावडरीने भरून काढायची. फळ खायचे तर अर्धे सफरचंद, पेरूची फोड किंवा पपईचे चार तुकडे, तेही चावून. रस काढला की तेच फळ साखरेचे पाणी होते. उसाचा रस तर या रुग्णांनी विसरून जावा. गूळ आणि मध 'नैसर्गिक' म्हणून चालतात, हा समजही सोडावा. आतड्याला तो फरक कळत नाही.

चार वाजताची बशी

दोन वर्षांनंतर वजन पुन्हा वाढू लागते तेव्हा दुपारच्या-रात्रीच्या जेवणात दोष सापडत नाही. तो सापडतो चार वाजताच्या बशीत. खारी, टोस्ट, बिस्किटे, चिवडा, वेफर्स. हे पदार्थ कोरडे दिसतात, पण तोंडात आणि चहात विरघळून जातात आणि पोटात न थांबता घसरतात. पनीरचे चार तुकडे खाऊन जे पोट गच्च होते, तेच पोट खारीची अर्धी पिशवी सहज रिचवते. 'मला तर काहीच जात नाही' असे अगदी प्रामाणिकपणे सांगणाऱ्या एका गृहस्थांच्या पत्नीने मला डब्याचे झाकण उघडून दाखवण्याची खूण केली, तेव्हा उलगडा झाला. त्या वेळी मूठभर भाजलेले फुटाणे चावून खाता आले तर उत्तम, नाहीतर दूध.

उपासाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण ज्येष्ठांच्या बाबतीत तो श्रद्धेचा विषय असतो आणि डॉक्टरने त्यावर फुली मारणे योग्य नाही. पहिले वर्षभर उपास न करणे बरे. पुढे करायचाच तर पदार्थ बदलावे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदके आणि एक ग्रॅमहूनही कमी प्रथिने. राजगिऱ्यात प्रथिने १३-१४ ग्रॅमच्या घरात असतात. तेव्हा दही किंवा पनीर आधी, त्यामागे राजगिऱ्याच्या पिठाचे लहानसे थालीपीठ किंवा दोन-तीन चमचे भगर. दिवसभर काही न घेता रात्री एकदम फराळ करणे मात्र सर्वथा टाळावे. गणपतीतला मोदक? वर्ष उलटल्यावर, जेवण झाल्यावर, अर्धा. पान मांडण्यापूर्वी हातावर ठेवलेला प्रसादाचा पेढाही शेवटापर्यंत बाजूला ठेवता येतो.

उलट्या आणि सलाईन

कर्बोदकांशी निगडित असा एक धोका आहे, तो मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण तो वाचकाच्या लक्षात राहायला हवा. शरीराला साखरेपासून ऊर्जा मिळवण्यासाठी थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व लागते. त्याचा शरीरातील साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. शस्त्रक्रियेनंतर खाणे अगदी कमी असते. त्यात उलट्या सुरू झाल्या आणि गोळ्या पोटात टिकल्या नाहीत तर तो साठा संपतो. मग एकाची दोन दिसू लागतात, चालताना तोल जातो, बोलण्यात गोंधळ होतो. म्हाताऱ्या माणसात हे दिसले की 'वयोमानाने' असे म्हणून सोडून दिले जाते. उपचाराला उशीर झाला तर स्मरणशक्तीची हानी कायमची होऊ शकते.

अशा रुग्णाला जवळच्या दवाखान्यात नेऊन 'ताकदीची सलाईन' लावण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. ती सलाईन बहुधा ग्लुकोजची असते. थायमिन नसलेल्या शरीरात एकदम ग्लुकोज गेले की उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि मेंदूवरचा आघात बळावतो. म्हणून दोन दिवसांहून अधिक उलट्या होत असतील तर थेट रुग्णालयात न्यावे आणि दारातच सांगावे की, यांची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्यावे. हे सांगताना संकोच करू नका. डॉक्टरांना राग येत नाही, आला तरी चालेल.

पोटावर आता चार-पाच लहान व्रण असतात, आणि नव्या डॉक्टरांना त्यावरून काही कळत नाही. त्यातच कुठल्याशा तपासणी शिबिरात साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिण्यास सांगतात. बायपास झालेल्या माणसाने ते पिऊ नये. त्याने तीव्र डम्पिंग होऊ शकते. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी यांवर काम भागते. ब-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या कायमच्या आहेत. शस्त्रक्रियेचे नाव, तिची तारीख, चालू औषधे आणि 'ग्लुकोजच्या आधी थायमिन' ही सूचना एका कागदावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून एक प्रत फाइलमध्ये, एक प्रत ज्येष्ठांच्या पाकिटात आणि एक फ्रिजच्या दारावर लावून ठेवावी.